महागाई आमच्या माळ्यावर

महागाई म्हणजे काय ते मला नीट समजलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी येणारी माणसं नाकाला रुमाल लावून येऊ लागली.

मी चौथी पास. पुढची शाळा कर्जतला होती, आणि आमच्या बापाचं म्हणणं असं की, कर्जतला जाऊन बिघडण्यापेक्षा पोरीनं कडावातच बिघडलेलं बरं. पण घरातला पैसा माझ्याच ट्रंकेत असतो. म्हाताऱ्याच्या हातात दिला तर तो नाक्यावर सगळ्यांना चहा पाजतो. मुलाच्या, दिलीपच्या, हातात दिला तर त्याचे मित्र उसने नेतात आणि मग दिलीपलाच बघून रस्ता बदलतात. माझ्याकडं दिलेला पैसा सहसा कुणाला परत मिळत नाही, म्हणून सगळ्यांना खात्री असते की तो जागेवर आहे.

त्या उन्हाळ्यात ट्रंकेत नातीच्या साखरपुड्याचे पैसे होते. नात प्रज्ञा कर्जतच्या दवाखान्यात नोकरी करते. तिचं लोधिवलीच्या रोशनशी जमलं होतं. जमलं म्हणजे त्यांनीच जमवलं होतं, आम्हाला फक्त कळवलं. मुलगा चांगला, घर चांगलं. साखरपुडा दिवाळीनंतर आमच्या दारात करायचा, लोधिवलीकरांना मटणाचं जेवण घालायचं असं ठरलं. दिलीपनं वर्षभर जमवलेले पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "आये, हे जपून ठेव. प्रज्ञाचं हाय."

"मी जपत नाय असं झालंय का कधी?"

"नाय, पण सांगून ठेवलं."

बघा, सांगून ठेवलं होतं!

मे महिन्यात आमच्या समाजमंदिरात बचत गटाच्या बायकांसाठी दोन दिवसांचा वर्ग लागला. पैशाचं शिक्षण. चहा-बिस्किटं मिळणार म्हणून मी आणि शेजारची हिरा पुढच्या सतरंजीवर बसलो. शिकवायला बँकेतल्या मॅडम आल्या होत्या. वयानं प्रज्ञाएवढ्या, पण आवाज असा की मागच्या बायकांच्या गप्पा आपोआप बंद झाल्या.

मॅडमनी ताटलीत बर्फाचा खडा ठेवला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही पैसे घरी ठेवता?"

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. घरी पैसे नाहीत असं सांगावं तर गरिबी दिसते, आहेत असं सांगावं तर भाऊ मागायला येतो.

"ठेवत असाल, तर तो पैसा या बर्फासारखा आहे. नोट तेवढीच राहते, पण वर्षानं तिच्यात कमी सामान येतं. ह्याला म्हणतात महागाई."

हिरानं हात वर केला. "मॅडम, मग सरकार नोटा जास्त का छापत नाय? छापाव्या आणि वाटून टाकाव्या घरोघर. कटकट मिटली!"

मॅडमना हा प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, "समजा सगळ्यांच्या हातात दुप्पट नोटा आल्या. पण बाजारात बोंबील तेवढेच. मग काय होईल? एका बोंबलामागं चार बायका नोटा घेऊन उभ्या राहतील आणि कोळीण भाव वाढवील. बोंबील तोच, नोट स्वस्त झाली. म्हणून सरकारला नोटा सांभाळून सोडाव्या लागतात."

आता मॅडमनी हे उदाहरण बोंबलाचं दिलं. साबणाचं दिलं असतं, काड्यापेटीचं दिलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण बोंबील म्हटल्यावर माझं डोकं चालू लागलं. मे महिना होता. आमच्याकडं पावसाळ्याआधी आगोट भरतात, म्हणजे पावसाचे महिने निभतील एवढी सुकी मासळी, कांदे, मसाला घरात भरून ठेवतात. पाऊस लागला की होड्या बंद, आणि सुक्या मासळीचा भाव वर जातो. हे मी जन्मापासून बघत आले होते. फक्त त्याला इतकं शिक्षण लागतं हे माहीत नव्हतं!

मी विचारलं, "मॅडम, म्हणजे पैसा वितळतो आणि बोंबील वाढतो?"

"भाव वाढतो, आजी."

"तेच ते."

ताटलीतल्या बर्फाचं तोवर पाणी झालं होतं. मला ट्रंकेतून टपटप ऐकू यायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "आजचं इथंच थांबवू. उद्याही सगळ्यांनी या. उद्याचं जास्त महत्त्वाचं आहे."

मी मनात म्हटलं, मला तर आजच सगळं कळलं. हुशार माणसाला दोन दिवस कशाला लागतात?

दुसऱ्या दिवशी बायका वर्गाला गेल्या आणि मी नाक्यावर गेले. आगोटीच्या दिवसांत किनाऱ्याकडची कोळीण टेंपो भरून सुकी मासळी घेऊन कडावला येते. पदराखाली पैशाचं पुडकं धरून मी टेंपोपुढं उभी राहिले.

"काय देऊ गं, म्हातारे? जवळा देऊ थोडा?"

"सगळा दे."

"सगळा जवळा?"

"सगळा टेंपो."

कोळणीनं मला खालून वर बघितलं. "हाटेल काढतेस का काय?"

"नाय. महागाई थांबवतेय."

तिनं पुढं काही विचारलं नाही. धंद्याची बाई. पैसे कमरेला खोचले आणि टेंपोवाल्याला म्हणाली, "चल रं, म्हातारीच्या दारात लाव. तिचा इचार बदलायच्या आत."

घरी दिलीप कामावर, सून लग्नाला माहेरी, प्रज्ञा दवाखान्यात. म्हातारा ओट्यावर बसला होता. गोण्या आत जाताना तो बघत राहिला. शेवटची गोणी गेल्यावर म्हणाला, "यंदा पाऊस दोन वर्ष पडणार हाय का?"

मी त्याला महागाई समजावली. बर्फ, ताटली, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून हिराच्या ओट्यावर जाऊन बसला. आठवडाभर तो जेवायलाच घरी येत होता.

गोण्या आम्ही माळ्यावर चढवल्या. (आम्ही म्हणजे टेंपोवाल्यानं. मी खालून सूचना केल्या.) आमचा माळा लाकडी फळ्यांचा, पुढच्या खोलीच्या बरोबर वर. त्याच्यावर पत्रा. मे महिन्यात दुपारी पत्रा तापला की खाली बसवत नाही. वर चार प्रकारची मासळी ठेवली आणि पत्रा तापला. मग त्या वासानं काय केलं ते मी सांगत नाही, पण पोस्टमननं आमचं टपाल हिराकडं टाकायला सुरुवात केली.

त्यातून फळ्यांना फटी. जवळा म्हणजे तिळाएवढी कोळंबी. माळ्यावर कुणी चाललं की तो खाली गळायचा. दिलीपच्या चहात, म्हाताऱ्याच्या टोपीत, प्रज्ञानं केस धुतले की केसांत. आणि माळ्यावर सारखं कुणीतरी चालतच असायचं, कारण गावातल्या मांजरांना बातमी लागली होती. कडावची मांजरं तर आलीच, पण काही तोंडं अशी दिसायला लागली जी मी गावात कधी बघितली नव्हती.

"आजी, मला दवाखान्यात पेशंट विचारतात," प्रज्ञा म्हणाली, "सिस्टर, तुमच्याकडं डब्यात काय आहे?"

"मग सांग ना, काय हाय ते."

"डबा नसतोच मी नेत! वास माझा येतो!"

"येऊ दे. पावसात ह्याच वासाला लोक पैसे मोजतील."

सगळ्यांना वाटत होतं, म्हातारीनं आपल्या पेन्शनीतून खुळेपणा केलाय. ट्रंक कुणी उघडून बघितली नव्हती. आणि माझा हिशेब सरळ होता. साखरपुडा दिवाळीनंतर. पावसात भाव वाढला की गोण्या विकायच्या, पैसे परत ट्रंकेत, वर नफा. प्रज्ञाला सोन्याचे कानातले करायचे आणि घरात सगळ्यांसमोर चौथी पास हा शब्द तीन वेळा उच्चारायचा, एवढं ठरवून ठेवलं होतं.

मग लोधिवलीहून फोन आला. रोशनला कंपनी पावसाळ्यात लांब कुठंतरी पाठवणार होती. तर साखरपुडा आत्ताच उरकू, पाऊस लागायच्या आत. पुढच्या रविवारी.

दिलीप आनंदानं आत आला. "आये, पैसे काढ. मटणवाल्याला सांगून येतो, मांडववाल्याला इसार देतो."

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

"आये, पैसे कुठं हायत?"

"माळ्यावर."

"माळ्यावर कशाला नेले? उंदीर कुरतडतील!"

"उंदीर नाय येणार. मांजरं हायत."

दिलीप माळ्याकडं बघायला लागला. वरून दोन-चार जवळे त्याच्या कपाळावर पडले. तेव्हा त्याला कळलं. तो खाली बसला. आमच्या घरात कुणी आरडाओरडा केला की मला बरं वाटतं, कारण मला त्याहून मोठ्यानं ओरडता येतं. पण दिलीप ओरडला नाही. प्रज्ञा दारात उभी होती. तिनंही ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आजी, त्यांच्या घरी आधीच सांगितलंय मी, की माझी आजी घरात सगळ्यात हुशार आहे."

मी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

दिलीप दुसऱ्या दिवशी एक गोणी स्कूटरवर टाकून दहिवलीला विकायला गेला. संध्याकाळी परत आला तो गोणी घेऊनच, आणि मागं दहिवलीपासूनची कुत्री. सगळ्यांची आगोट भरून झाली होती. मेच्या शेवटी सुकी मासळी विकत घेणारं कुणी नसतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. कोळणीला ठाऊक होतं. म्हणून तर तिनं टेंपो हसत रिकामा केला!

मी हिराकडं गेले. तिला म्हटलं, "त्या मॅडमनं आपल्याला फसवलं बघ. पैसा वितळतो म्हणाली. माझे बोंबीलच वितळायला लागलेत."

हिरा भाकरी थापत होती. म्हणाली, "पण दुसऱ्या दिवशी सांगितलं ना त्यांनी सगळं."

"काय सांगितलं?"

"हेच की. पहिल्या दिवशी रोग, दुसऱ्या दिवशी औषध. जो पैसा वर्षाच्या आत लागणार हाय, त्याला हात नाय लावायचा. खात्यात ठेवायचा, याज कमी मिळालं तरी चालंल. नासणारा माल म्हणजे बचत नाय. आणि सगळा पैसा एकाच गोष्टीत नाय घालायचा."

"एकाच कुठं घातला? बोंबील हाय, जवळा हाय, वाकट्या हायत, सोडे हायत!"

हिरानं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं बघितलं. "तू होतीस कुठं गं दुसऱ्या दिवशी?"

"नाक्यावर," मी म्हटलं. "शिकलेलं वापरत होते."

रविवार आला. दिलीपनं एका मित्राकडून जुनी उसनवारी वसूल केली (मित्राच्या ओट्यावर बोंबलाची गोणी ठेवून बसला तेव्हा मिळाली) आणि त्यात मांडव आणि पेढे निघाले. मटण निघालं नाही. तेव्हा जेवणात काय, हा प्रश्न उरला नाही. सून माहेरून परत आली होती. तिनं माळ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि म्हणाली, "उतरवा." बोंबलाचं कालवण, सोड्यांचा भात, वाकट्या तळलेल्या, जवळ्याची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या. भावकीतल्या बायका पहाटेपासून चुलीपुढं. वासावर उपाय म्हणून प्रज्ञानं घरभर अगरबत्त्या लावल्या, फिनेल मारलं, वर मोगऱ्याचा फवारा उडवला. आता बोंबलांना मोगऱ्याचा वास यायला लागला. त्यापेक्षा नुसते बोंबील बरे होते.

लोधिवलीकर दोन जीपमधून उतरले. पुढं रोशनच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे काका म्हणतात, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि त्यांच्या मागं रोशनची आजी शेवंताबाई. माझ्याच वयाची, माझ्याच बांध्याची, आणि तोंडावरून दिसत होतं की स्वभावानंही तशीच.

काकांनी दारातच नाक मुरडलं. "दिलीपराव, वास कसला येतोय?"

दिलीप म्हणाला, "शेजारी... शेजारी काहीतरी चाललंय."

शेजारी म्हणजे हिरा. ती तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की तो हिशेब मला पुढं चुकवावाच लागला.

पुढच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. मुलगा-मुलगी उभी राहिली. प्रज्ञा सुंदर दिसत होती. (ती माझ्यावर गेलीय. म्हातारा नाही म्हणतो.) काका अजून नाक चोळत होते आणि शेवंताबाईंच्या कानात काहीतरी कुजबुजत होते. मला ऐकू आलं, "घर बघून घ्या एकदा, वहिनी." दिलीपचा चेहरा पडला. प्रज्ञानं अंगठी हातात धरली होती आणि नजर वर माळ्याकडं. मीही वर बघितलं.

वर धपधप झालं. दोन मांजरं. भांडायला त्यांनी नेमकी हीच वेळ धरली होती.

अंगठ्या घातल्या. सगळ्यांनी हात वर करून फुलांच्या पाकळ्या उधळल्या, आणि त्याच वेळी वर गोणी फाटली. पाकळ्या खालून वर गेल्या, जवळा वरून खाली आला! फळ्यांच्या सगळ्या फटींतून एकदम! रोशनच्या केसांत, प्रज्ञाच्या पदरात, काकांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात. पाठोपाठ शिडीच्या भोकातून एक अख्खा बोंबील आला तो काकांच्या मांडीवर पडला, आणि बोंबलामागून मांजर.

मेणबत्तीवर पडलेला जवळा चुरचुर भाजत होता. काका उभे राहिले. "चला वहिनी. काय बघायचं ते दिसलं."

शेवंताबाई उठल्या नाहीत. त्यांनी नातवाच्या खांद्यावरचा एक जवळा चिमटीत धरला, उजेडात बघितला, तोंडात टाकला आणि चावून चावून खाल्ला. मी आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक कुणाचं तोंड बघितलं नव्हतं.

"खारट नाय," त्या म्हणाल्या. "वाळू नाय. काय भावानं घेतला?"

मी भाव सांगितला.

"लय स्वस्त! किती घेतला?"

"टेंपो."

"कशाला?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. मॅडम, बर्फ, ट्रंक, मटण. सगळ्यांसमोर. प्रज्ञानं डोळे मिटून घेतले होते. शेवंताबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं पण आल्या होत्या त्या मॅडम. मी दोन्ही दिवस बसले."

"मग काय शिकलात?"

"आपला पैसा खात्यात ठेवावा," शेवंताबाई म्हणाल्या, "आणि आगोट सोयऱ्यांच्या माळ्यावर." मग दिराकडं वळून, "बसा हो भावजी. मटण काय कुठंपण मिळतं. आणि तो बोंबील खाली टाकू नका, चांगला हाय."

काका बसले. बोंबील हातात धरूनच बसले. रोशन हसायला लागला, मग प्रज्ञा हसली, आणि प्रज्ञा हसल्यावर मी श्वास सोडला. (सोडला म्हणजे घेतला नाही. खोलीत श्वास घेण्यासारखं काही नव्हतं.) लोधिवलीकर असे जेवले की भाकऱ्या दोनदा थापाव्या लागल्या. काकांनी कालवण तीन वेळा मागितलं, आणि शेजारी काय चाललंय ते पुन्हा विचारलं नाही. जाताना शेवंताबाईंनी दोन गोण्या जीपच्या टपावर बांधून घेतल्या.

"मानपान समजा," त्या म्हणाल्या. पैशाचं नाव काढलं नाही. दोन्ही दिवस बसलेली बाई!

मग पाऊस लागला, आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. सुक्या मासळीचा भाव वर गेला. दिलीप बाजारातून धावत आला. "आये! आये, तुझं खरं ठरलं! जवळ्याचा भाव ऐकलास का? काढ गोण्या!"

मी शिडी लावून माळ्यावर चढले. दोन गोण्या लोधिवलीला. काही साखरपुड्याच्या पोटात. एक हिरानं नेली, शेजारचा वास स्वतःच्या नावावर घेतल्याबद्दल. बराच माल मांजरांनी नेला, आणि उरलेला पहिल्या पावसात पत्रा गळला तेव्हा सादळून किड्यांच्या तोंडी गेला. भाव होता, माल नव्हता. मी वरूनच ओरडले, "दिलीप, भाव खाली येऊ दे. मग बघू."

दिलीपचे पैसे मी माझ्या पेन्शनीतून हळूहळू भरते आहे. खात्यात. ट्रंकेत आता कपडे असतात.

यंदा मॅडम पुन्हा आल्या. मी दोन्ही दिवस बसले, आणि दुसऱ्या दिवशी तर सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मॅडमनी विचारलं, "आजी, किंमत वर्षानुवर्षं टिकून राहील असं काही आहे का तुमच्या घरात? सोनं वगैरे?"

सगळ्या बायका मागं वळून माझ्याकडं बघायला लागल्या. हिरानं पदर तोंडात कोंबला.

"हाय की," मी म्हटलं. "माळा दोनदा धुतला, पत्रा बदलला, फळ्यांना रंग दिला. तरी घेतला तेवढाच हाय, तसूभर कमी झाला नाय."

"काय आहे ते?"

"वास."